बाईंच्या टाक्या आणि बकाराम मिस्तरींचा स्टँड

“हे काचेचे डबे लग्नाच्या आधी हालले नाई, तर मी सारे मासे बोडीत सोडीन. मंग म्हणजा नाई, बुडीनं सांगितलं नव्हतं.”

मी मोटारसायकल स्टँडवर लावत होतो. हेल्मेट तेव्हा कोणी घालत नसे, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. बोलणाऱ्या होत्या मेश्राम बाईंच्या सासूबाई. आंधळगावात त्यांच्या घराच्या ओसरीवर त्या सूप घेऊन बसल्या होत्या. बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. त्यांच्या बोडीत मरळ होते. मरळ हा मासा दुसरे मासे खाऊन जगतो. बाईंचे टाकीतले शोभेचे एंजल मासे त्यात सोडले असते तर संध्याकाळपर्यंत एकही उरला नसता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी तेव्हा मत्स्यव्यवसाय खात्यात नवीन लागलेला विस्तार अधिकारी होतो. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. ऑफिस तुमसरला, दोन खोल्यांचं. आंबागडच्या आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील जंगलात मजुरीला जात. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “सरकार तुले मासे पाहाचा पगार देते?” मी हो म्हटलं. त्यांना ते बराच काळ खरं वाटलं नाही. मला स्वतःला त्या खुर्चीचं फार अप्रूप होतं. आपल्याला मिळालेलं शिक्षण कोणाच्या तरी कामी आलं पाहिजे, असं मनापासून वाटायचं. मेश्राम बाईंच्या घरात सहा टाक्या आल्या त्या या वाटण्यामुळेच.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. शाळेत मुलांना दाखवायला त्यांनी एक काचेची टाकी आणली होती. मी तलावांच्या कामाने गावात गेलो की त्या प्रश्न विचारत. एकदा मी सांगितलं, एंजल माशाची जोडी जमली तर घरीही अंडी घालते. नागपूरला दुकानदार पिल्लं घेतात. बाईंनी ते मनावर घेतलं. दोन वर्षांत एकीच्या सहा टाक्या झाल्या, आणि सगळ्या मधल्या खोलीत, जमिनीवर, विटांवर. नागपूरचा दुकानदार दर महिन्याला पिल्लं नेऊ लागला. त्यातून बाई नणंदेच्या लग्नाची भांडी घेणार होत्या. आता त्याच नणंदेचं लग्न माघात ठरलं होतं, आणि पाहुण्यांना झोपायला तीच खोली लागणार होती.

“खायाचे नाई,” सासूबाई म्हणाल्या, “नुसते पाहाचे! सांगा साहेब, मासे कोणी पाहते का?”

तलावांच्या जिल्ह्यात, मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला हा प्रश्न.

उपाय सोपा होता. भिंतीला लागून एक लाकडी स्टँड करायचा. दोन मजले, प्रत्येक मजल्यावर तीन टाक्या. म्हणजे खोली मोकळी होईल. मी चौकोनी कागदावर चित्र काढलं. वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगतो, पाणी दिसतं तितकं हलकं नसतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. बाईंच्या एका टाकीत शंभरेक लिटर पाणी बसायचं. म्हणजे एक टाकी म्हणजे तांदळाचं एक पोतं. सहा टाक्या म्हणजे सहा पोती, त्यातली तीन छातीच्या उंचीवर, आणि पोती काचेची. हे सगळं मी चित्राच्या बाजूला लिहिलं. मागच्या बाजूला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरप्या पट्ट्या दाखवल्या. तिरप्या पट्टीशिवाय कोणतीही चौकट एका बाजूला कलू शकते. रिकामी काड्यापेटी दोन बोटांत दाबून पाहा, लगेच कळेल.

ऑफिसात साहेबांनी ते चित्र पाहिलं. साहेब सांगलीकडचे.

“राऊत, हे काय आहे?”

“सर, एक महिला शोभेचे मासे पाळते, तिला स्टँड...”

“आपण रोहू-कटल्याचं खातं आहोत. शोभेच्या माशांना आपल्याकडे रकाना आहे का?”

“नाही सर.”

“स्टँडला?”

“नाही सर.”

“मग रविवारी करा.”

रविवारी करा म्हणजे करू नका असा त्याचा अर्थ होता, हे मला पुढे समजलं. तेव्हा मी ते परवानगी म्हणून घेतलं.

आता लाकूड. घरामागे एक जुनी बंडी, म्हणजे बैलगाडी, उभी होती. बाईंचे सासरे गेल्यापासून तिला बैल लागले नव्हते. तिचे दोन लांब दांडे बघून मला मोह झाला. मी विचारलं.

“त्याले हात लावाचा नाई,” सासूबाई म्हणाल्या. “बुड्याच्या हातची बंडी हाय. माशापाई मोडू का?”

मग बाईंनी बाहेरून ऐनाचं लाकूड आणलं. ऐन जड आणि कठीण. लाकडाबद्दल तक्रार नव्हती. तक्रारी पुढे सुरू झाल्या.

गावात सुतार दोन. एक आजारी. दुसरे बकाराम मिस्तरी. हात चांगला, आवाज त्याहून चांगला. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि गावोगावी नाटकं होतात, रात्रभर चालणारी. धान घरात आलेलं असतं, लोकांना वेळ असतो. बकाराम मिस्तरी या नाटकांत राजा व्हायचे, नाही तर खलनायक. शिवाय नाटकाचं स्टेज त्यांचंच. ते बंडीत घालून गावोगावी न्यायचं, उभारायचं, त्यावर स्वतः राजा म्हणून चढायचं आणि सकाळी उतरवून पुढच्या गावी. म्हणजे दिवाळी ते होळी त्यांना सुतारकामाला फुरसत नव्हती.

“मिस्तरी, कवा येता?”

“उद्या येतो ना जी.”

उद्या ते बपेऱ्याला राजा होते. त्यापुढचा उद्या तालमीत गेला. मी तीनदा मोटारसायकलवर गेलो, तीनदा परत आलो. चौथ्यांदा ते घरी सापडले, पण संवाद पाठ करत होते. मला बसायला सांगून त्यांनी पूर्ण एक प्रवेश म्हणून दाखवला. त्यात त्यांनी आपल्या मुलाला देशोधडीला लावलं. मी पाणी पिऊन म्हणालो, “फार चांगलं. आता स्टँड.”

“साहेब, तुमी काहून इतके घाबरून राहिले? आपलं काम म्हणजे पंधरा-वीस माणसं वर नाचतात, तरी कुरकुर नाई.”

शेवटी ते आले. दोन दिवस बाईंच्या अंगणात रंधा फिरला. मी ऑफिस सुटल्यावर पोचलो तर स्टँड खोलीत उभा. दिसायला देखणा. कोपरे घासलेले, पायांना वरच्या बाजूला नक्षी. फक्त मागच्या तिरप्या पट्ट्या नव्हत्या.

“मिस्तरी, पट्ट्या कुठं आहेत?”

“कायले पाह्यजेत?”

“चित्रात आहेत.”

“चित्रात असन जी. चित्राले वजन असते का?” असं म्हणून ते खालच्या फळीवर चढले आणि नाचले. खरोखर नाचले, राजाच्या दरबारातल्यासारखे. फळी वाकली नाही. बाई हसल्या. सासूबाई पहिल्यांदाच माझ्यासमोर हसल्या. मी चित्र घडी करून खिशात ठेवलं. नाचणाऱ्या माणसाशी वाद घालायला शास्त्र अपुरं पडतं.

सांधेही मी पाहिले. एका लाकडाला आरपार भोक, दुसऱ्याची जीभ त्यातून बाहेर काढलेली, आणि जिभेत लाकडाची पाचर ठोकलेली. खिळा एकही नाही. मला ते जुन्या पद्धतीचं, पक्कं काम वाटलं.

त्याच संध्याकाळी टाक्या चढवल्या. वाळू, पाणी, झाडं, मासे. थंडी होती, म्हणून प्रत्येक टाकीवर बल्ब. मधल्या वरच्या टाकीत बाईंची सगळ्यांत चांगली जोडी होती. खोली उजळली तेव्हा सासूबाईसुद्धा दारात थांबल्या, पण आमचं लक्ष गेलेलं पाहून पाणी आणायला निघून गेल्या. मी स्टँडला खांदा लावून थोडं ढकललं. वरचं पाणी हललं. मनात नोंद केली, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी लग्नाचे तांदूळ आले. सासूबाईंनी सगळी पोती स्टँडच्या खाली, पायांच्या मधल्या जागेत, खेटून बसवली. मी गेलो आणि पाहिलं. खाली तांदूळ, वर पाणी!

“माय, इथं पोती नका ठेवू. पाणी गळलं तर लग्नाचे तांदूळ भिजतील.”

“मंग कुठी ठेवू? तुमच्या ऑफिसात?”

“दुसऱ्या खोलीत...”

“दुसऱ्या खोलीत आंदण हाय. ओसरीत उंदीर हाय. तुमच्या माशाईनं सारी खोली घेतली, खालची जागा तरी मले द्या.”

मी पुन्हा दोनदा सांगितलं. बाईंनी सांगितलं. पोती हलली नाहीत. हताश होऊन मी स्टँडला कालच्यासारखा खांदा लावला. आणि तो हलला नाही. जरासुद्धा नाही. पाणी काचेसारखं स्थिर. मला वाटलं, ओझ्याने सांधे बसले. लाकूड बसतं असं ऐकलं होतं. मी समाधानाने घरी गेलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या आंबागडला नाटक होतं. मी घरी आलो होतो. सकाळी तिथूनच लग्नाला जायचं ठरलं होतं. नाटकाबद्दल सांगत नाही. बकाराम राजा होते आणि मुलगा पुन्हा देशोधडीला लागला. सकाळी चहा घेऊन मी मैदानाकडे गेलो, तेव्हा स्टेज उतरवणं चालू होतं. बकाराम मिस्तरी चेहऱ्यावरचा रंग न पुसताच लाकडी हातोडा घेऊन फिरत होते. एका सांध्याजवळ जायचे, खालून एक टोला द्यायचे, पाचर टप् करून बाहेर उडायची, आणि लाकूड आपोआप निसटायचं. टोला, पाचर, लाकूड. चहा संपायच्या आत अर्धं स्टेज जमिनीवर होतं.

भोक, जीभ, पाचर. मी तोच सांधा बाईंच्या खोलीत कौतुकाने पाहिला होता.

“मिस्तरी,” मी विचारलं, “बाईचा स्टँड असाच आहे?”

“हौ जी. पहा, कसा सुटते! बाई सरकारी नोकर. बदली झाली त मले बोलवायचं, दोन मिनिटात खाली.”

“आणि तिरप्या पट्ट्या?”

“स्टेजले तरी कुठी हाय?”

तेवढ्यात दोघा माणसांनी स्टेजचा कोपऱ्यातला खांब उचलला. तो उचलावा लागला, कारण तो हातभर जमिनीत होता. खाली खड्डा. सगळे खांब खड्ड्यात गाडलेले होते. म्हणून स्टेजला पट्ट्या लागत नव्हत्या. जमीनच ते धरून ठेवायची. बाईंच्या घरातल्या फरशीत कोणी खड्डा खणला नव्हता.

मग तो स्टँड इतके दिवस कसा उभा राहिला? हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर येताच चहाचा कप तिथेच ठेवला. पोती. पायांच्या मधे खेटून भरलेली तांदळाची पोती त्याला कलू देत नव्हती. आणि आज लग्न होतं. आज तांदूळ शिजणार होते.

“मिस्तरी, बसा मागे. हातोडा घ्या.”

“तोंड त धुऊ द्या!”

“बसा!”

रस्त्यात मिस्तरी मागून मला काहीतरी समजावत होते. मी फक्त “धरून बसा” म्हणत होतो. आंधळगावच्या वेशीपासून लोक वळून पाहत होते, कारण माझ्या मागे मिशा रंगवलेला राजा होता.

मांडवात चुली पेटल्या होत्या. मी थेट मधल्या खोलीत घुसलो. दोन तरुण वाकून एक पोतं ओढत होते. सासूबाई शेजारी उभ्या राहून हुकूम देत होत्या. अर्धीअधिक पोती आधीच निघाली होती. स्टँडची वरची ओळ दाराच्या बाजूला कललेली, बोटभर. पाण्याची पातळी टाकीच्या काठाशी सरळ नव्हती, तिरपी दिसत होती. खरं तर पाणी सरळ होतं. टाकी तिरपी होती.

“थांबा! पोतं काढू नका!”

तरुण थांबले. सासूबाई थांबल्या नाहीत.

“साहेब, त्या दिवशी म्हणत होते काढा. आज म्हणता काढू नका. एक काय ते सांगा ना!”

“माय, हे पोतं निघालं तर सगळं खाली येते.”

“मंग वऱ्हाडाले का मासे चारू?”

स्टँडने एक बारीक आवाज केला. लाकूड लाकडावर घासल्याचा. बाईंचे यजमान नागपूरला नोकरीला होते, लग्नासाठी आले होते. त्यांनी नवीन शर्टासह स्टँडला खांदा लावला. मी दुसऱ्या पायाला. दोघे तरुण आपल्या मनानेच ओढलेलं पोतं परत आत ढकलू लागले.

बाई नणंदेच्या खोलीतून धावत आल्या. हाताला हळद-कुंकू नव्हे, मेंदीही नव्हे, पांढऱ्या फुलांचा हार ओवताना लागलेला ओला दोरा चिकटलेला होता. त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं.

“पाणी काढा,” मी म्हणालो. “नळी लावा, वरच्या तिन्ही टाक्या अर्ध्या करा.”

“मधली नाही,” बाई म्हणाल्या. “मधलीत काल अंडी घातली. पानावर आहेत. पाणी खाली गेलं तर पान उघडं पडेल.”

“बाई, टाकीच पडली तर?”

“पडू देऊ नका.”

हे त्या विद्यार्थ्याला सांगावं तसं म्हणाल्या. मी बाजूच्या दोन टाक्यांना नळ्या लावल्या. मधली भरलेली राहिली.

मिस्तरी एव्हाना सांध्यांवरून हात फिरवत होते. लाकूड सुकून आकसलं होतं, पाचरी सैल. त्यांनी त्या ठोकून घट्ट केल्या.

“झालं जी.”

“झालं नाही. तिरपी पट्टी पाहिजे. आता, इथं. पुढच्या बाजूनेच. मागे भिंत आहे.”

“पुढून? वंगाळ दिसन, साहेब.”

“दिसू दे!”

मी त्या महिन्यात एवढ्या मोठ्याने कोणावर ओरडलो नव्हतो. राजा मागे सरकले. पण लाकूड कुठे होतं? मांडवाचे बांबू गोल, खिळा घेत नाहीत. ऐनाचे तुकडे आखूड. बाईंचे यजमान खांद्याने स्टँड धरून म्हणाले, “दार काढू का?” लग्नाच्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घराचं दार.

सासूबाई पोत्याकडे पाहत होत्या, मग मधल्या टाकीकडे, मग सुनेकडे. सून टाकीच्या काचेवर हात ठेवून उभी होती. ओला दोरा अजून बोटालाच होता.

“मागं बंडी हाय,” सासूबाई म्हणाल्या. “दांडे काढा तिचे.”

आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. “कायले पाहून राहिले माह्या तोंडाकडं? पोती मोकळी करा लवकर. भात शिजायचा हाय.”

मिस्तरींनी दांडे काढून आणले. जुनं, काळं पडलेलं, दगडासारखं लाकूड. एक दांडा डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात, दुसरा उलटा. मांडवाचे लांब खिळे होते. मिस्तरींनी ठोकले आणि मी प्रत्येक खिळ्यामागे “अजून एक” म्हणत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा आपण न सुटणारी वस्तू करत आहोत, असं दुःख त्यांच्या रंगवलेल्या चेहऱ्यावर होतं. मग आम्ही खांदे काढले. मी एकेक पोतं स्वतः ओढलं. शेवटचं पोतं निघालं. स्टँड हलला नाही. पाणी काठाला सरळ होतं.

लग्न बौद्ध पद्धतीचं होतं, मुहूर्ताची घाई नव्हती. वंदना थोडी उशिरा झाली, भात त्याहून उशिरा. नवऱ्याकडच्यांनी विचारलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, “खात्याचे साहेब आले होते तपासणीले.” मी जेवायला बसलो तेव्हा बकाराम मिस्तरी शेजारच्या पंगतीत होते. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली होती. त्यांना वाटत होतं, राजाला मुद्दाम बोलावलं आहे.

अंडी फुटली. पिल्लं निघाली. पण मधल्या टाकीसमोर बंडीचे दोन दांडे एकमेकांना छेद देत होते, त्यामुळे सर्वांत चांगली जोडी पाहायला मान वाकडी करावी लागे. साहेब एकदा तिथे आले होते. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, “राऊत, हे ‘इतर’ या रकान्यात टाका.” माझ्या नोकरीतली ती पहिली शाबासकी.

पुढे चार-पाच वर्षांनी बाईंची साकोलीला बदली झाली. सामान ट्रकमध्ये भरत होते. स्टँडचा नंबर आला. तो दारातून अर्धा बाहेर निघाला आणि समोरच्या बोळात वळेना. खिळे गंजून लाकडात रुतले होते, काढायला गेलं की खिळ्याचं डोकं तुटे. मिस्तरींना बोलावलं. ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या क्षणाची ते काही वर्षं वाट पाहत असावेत.

“मी काय म्हटलं होतं जी?”

“करवत लावा,” मी म्हणालो.

“करवत लावाची नाई,” ओसरीवरून आवाज आला. सासूबाई गावातच राहणार होत्या. “बंडीचे दांडे हाय त्याले. राहू द्या इथं.”

स्टँड परत भिंतीला लागला. टाक्या ट्रकमध्ये गेल्या. मोकळ्या फळ्यांकडे सासूबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “एक ठेवून जा. रिकामं बरं दिसत नाई.” बाईंनी मधली ठेवली. पुढे मी त्या बाजूला गेलो की सासूबाई मला माशांबद्दल प्रश्न विचारत. उत्तर देताना दोघांनाही मान वाकडी करावी लागे.

सुताराला “मजबूत होईल ना?” असं मी त्यानंतर कधी विचारलं नाही. त्याला सगळेच हो म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. मी विचारतो, “मिस्तरी, हे कवा मोडायचं आहे?” मग ते थोडे गोंधळतात, आणि काम सुरू करण्याआधी खरं बोलायला लागतात.